जंतांचा डॉक्टर मनाचा डॉक्टर कसा झाला? फ्रँक लेक यांची गोष्ट, आणि ती गावाला का कळायला हवी

घरातला एखादा माणूस हळूहळू गप्प होत जातो. जेवण कमी होतं. रात्री झोप लागत नाही, पहाटे तीनलाच उठून ओट्यावर बसतो. शेतात जायचं म्हटलं की अंगावर येतं. घरचे आधी म्हणतात, "आळस करतोय." मग म्हणतात, "कुणाची तरी नजर लागली." मग अंगारा होतो, उतारा होतो, एखाद्या देवस्थानाच्या पाच वाऱ्या होतात. डॉक्टरचं नाव निघतं ते सगळ्यात शेवटी. तोवर कधी सहा महिने, तर कधी दोन वर्षं गेलेली असतात.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. साठ-सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्येही मनानं खचलेली बरीच माणसं आधी चर्चच्या पाळकाकडेच जायची. पाळक प्रार्थना करायचे, धीर द्यायचे. पण समोरच्या माणसाला नेमकं काय झालंय, हे त्यांना कुणी शिकवलेलंच नसायचं. हे शिकवण्यासाठी ज्यांनी आयुष्य घातलं ते डॉ. फ्रँक लेक. मिशनरी म्हणून ते भारतात आले होते. आले तेव्हा जंतांचे डॉक्टर होते. इथून गेल्यावर मात्र ते मनाचे डॉक्टर झाले.

कोण हे फ्रँक लेक?

फ्रँक लेक यांचा जन्म १९१४ चा, इंग्लंडच्या लँकेशायर भागातला. त्यांनी एडिंबरा इथे डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं आणि चर्च मिशनरी सोसायटी या संस्थेमार्फत ते भारतात आले. त्यांचा विषय होता पॅरासिटॉलॉजी, म्हणजे माणसाच्या अंगात राहून माणसावरच जगणाऱ्या जंतांचं शास्त्र.

त्या काळात हा विषय काही लहान नव्हता. अनवाणी शेतात राबणाऱ्या माणसाच्या तळपायातून हुकवर्म शिरायचा, आतड्यात जाऊन रक्त प्यायचा आणि धडधाकट गडी पिवळा पडायचा. मलेरियानं गावंच्या गावं अंथरुणाला खिळायची. अशा रोगांत एक गोष्ट सरळ असते. कारण दाखवता येतं. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की जंत नाहीतर त्याचं अंडं दिसतं. औषध दिलं की जंत पडतो आणि माणूस कामाला लागतो.

मनाच्या दुखण्यात अशी काचपट्टी नसते. रक्त तपासलं, फोटो काढला, सगळं "नॉर्मल" येतं. आणि माणूस मात्र आतून संपत चाललेला असतो. लेक यांच्या आयुष्याचं वळण याच ठिकाणी आहे.

वेल्लोरचं वळण

तामिळनाडूतलं वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आपल्याकडच्याही बऱ्याच लोकांना नावानं माहीत आहे. अवघड आजार असला की अजूनही लोक रेल्वेनं तिकडे जातात. हे रुग्णालय उभं राहिलं ते आयडा स्कडर या अमेरिकन मिशनरी घरातल्या मुलीमुळे. तरुणपणी एकाच रात्री तीन घरची माणसं बाळंतपणात अडलेल्या बाईसाठी मदत मागायला तिच्याकडे आली. आयडा तेव्हा डॉक्टर नव्हती. वडील डॉक्टर होते, पण परका पुरुष बाईला तपासणार हे त्या घरांना चालत नव्हतं. सकाळपर्यंत तिन्ही बाया गेल्या. आयडा अमेरिकेला जाऊन डॉक्टर होऊन आली, १९०० मध्ये वेल्लोरला काम सुरू केलं आणि १९१८ मध्ये मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढली.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात या रुग्णालयाच्या कारभाराची जबाबदारी फ्रँक लेक यांच्याकडे आली. त्याच सुमारास, १९४६ मध्ये, पॉल ब्रँड नावाचे सर्जन तिथे रुजू झाले. कुष्ठरोग्याची बोटं रोगानं आपोआप झडतात असं तोवर सगळे समजत होते. ब्रँड यांनी दाखवून दिलं की रोगानं बोटांची जाणीव जाते, मग भाजलेलं कळत नाही, कापलेलं कळत नाही, आणि त्या जखमा चिघळून बोटं जातात. म्हणजे दुखणं कळणं ही माणसाची राखण आहे.

त्याच वेल्लोरमध्ये कॅनडाहून आलेल्या मिशनरी मानसोपचार डॉक्टर फ्लॉरेन्स निकोल्स यांनी मनाच्या आजारांवरचं काम सुरू केलं. लेक यांना या विषयाकडे वळवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. अंगाच्या दुखण्याइतकंच मनाचं दुखणं खरं असतं आणि त्यावरही शिकून-सवरून उपचार करता येतो, ही गोष्ट लेक यांनी मनावर घेतली.

पस्तिशीनंतर पुन्हा पाटी-पेन्सिल

१९५० च्या सुमारास लेक इंग्लंडला परतले. वय पस्तिशीच्या पुढे. हाताशी अनुभव होता, मोठं रुग्णालय सांभाळलेलं होतं. तरी ते पुन्हा शिकाऊ डॉक्टर झाले आणि मानसोपचाराचं शिक्षण घेऊ लागले. पुढे यॉर्कशायरमधल्या स्केलबर पार्क या मनोरुग्णालयात त्यांनी काम केलं.

तो काळ समजून घ्यायला हवा. १९५४ च्या आसपास इंग्लंड आणि वेल्सच्या मनोरुग्णालयांत दीड लाखाच्या जवळपास माणसं होती. एकदा आत गेलेला माणूस बाहेर येईलच असं नव्हतं. विजेचे झटके होते, इन्शुलिन देऊन बेशुद्ध करण्याचे उपचार होते. १९५२ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनाच्या गंभीर आजारात वापरलं आणि चित्र बदलायला लागलं. भास होणारी, अंगावर धावून येणारी माणसं शांत होऊ लागली, बोलू लागली, काही घरी जाऊ लागली. पाठोपाठ उदासीनतेवरची औषधंही आली.

औषधानं वादळ शमत होतं. पण शमल्यावर त्या माणसाशी बोलणार कोण? त्याचं ऐकणार कोण? डॉक्टर मोजके आणि रुग्ण ढीगभर. लेक यांनी हिशेब मांडला. प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत एक माणूस आधीपासून बसलेला आहे, ज्याच्याकडे लोक आपण होऊन जातात. तो म्हणजे पाळक. मग त्यालाच शिकवून तयार का करू नये?

पाळकांची शाळा

१९५८ पासून लेक यांनी पाळकांसाठी अभ्यासवर्ग सुरू केले. त्यासाठी ते ठिकठिकाणी जायचे. एखादं व्याख्यान ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं, असला प्रकार नव्हता. ठरावीक दिवसांनी लहान गटानं जमायचं, आजार समजून घ्यायचे, आपल्याकडे आलेल्या माणसांबद्दल बोलायचं आणि मुख्य म्हणजे ऐकायला शिकायचं. १९६२ मध्ये या कामासाठी क्लिनिकल थिऑलॉजी असोसिएशन ही संस्था उभी राहिली. नॉटिंगहॅम शहर हे त्यांचं ठिकाण झालं. पुढच्या वर्षांत हजारो माणसं या वर्गांतून गेली. पाळक होतेच, शिवाय साधी नोकरी-धंदा करणारी माणसंही होती. ही संस्था पुढे ब्रिज पास्टरल फाउंडेशन या नावानं चालू राहिली.

१९६६ मध्ये त्यांचा 'क्लिनिकल थिऑलॉजी' हा ग्रंथ आला. बाराशेहून जास्त पानं. जड पुस्तक, जड भाषा. पण त्यातला मुख्य विचार इतका साधा आहे की तो पारावर बसून सांगता येईल.

चार गोष्टींचं चक्र

लेक म्हणायचे, माणसाचं मन धड राहायला चार गोष्टी लागतात, आणि त्या एका क्रमानंच याव्या लागतात.

पहिली, स्वीकार. "तू आमचा आहेस" हे कुणीतरी वाटू देणं. तान्ह्या बाळाला हे आईच्या चेहऱ्यावरून कळतं. त्यानं अजून काहीच केलेलं नसतं, तरी त्याला जवळ घेतलं जातं.

दुसरी, पोषण. म्हणजे फक्त दूध-भाकरी नव्हे. वेळ, माया, सोबत, चार शब्द. यानं माणूस आतून भरतो.

तिसरी, स्थान. आतून भरलेल्या माणसाला आपण कोण आहोत हे कळतं. घरात, गावात आपली एक जागा आहे असं त्याला वाटतं.

चौथी, कर्तृत्व. मग तो माणूस कामाला लागतो, काही करून दाखवतो, दुसऱ्याला देतो. काम करून दमला की पुन्हा पहिल्या जागी येतो, आपल्या माणसांत, आणि चक्र पुढे फिरतं.

पहिल्या दोन गोष्टी आत येणाऱ्या, पुढच्या दोन बाहेर जाणाऱ्या. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. स्वीकार आणि पोषण हे विहिरीचे झरे आहेत. स्थान आणि कर्तृत्व हा उपसा. झरे चालू असले तर उपसा कितीही करा, रात्रीतून पाणी पुन्हा चढतं. झरे आटले आणि मोटर मात्र चालूच ठेवली, तर आधी गढूळ पाणी येतं आणि मग मोटर जळते.

लेक यांनी हा क्रम येशूच्या चरित्रावरून मांडला. त्यांचं म्हणणं असं, की शुभवर्तमानात बाप्तिस्म्याच्या वेळी देव येशूला आपला आवडता पुत्र म्हणतो, तेव्हा येशूनं ना कुणाला बरं केलेलं असतं, ना उपदेश केलेला असतो. स्वीकार आधी आला, काम नंतर. ज्यांची श्रद्धा वेगळी आहे त्यांनाही हा क्रम आपल्या घरात तपासून बघता येतो.

चक्र उलटं फिरलं की

आजार कुठे सुरू होतो? लेक यांचं उत्तर असं, की माणूस हे चक्र उलटं फिरवायला लागतो तेव्हा. आधी करून दाखवायचं, त्यातून स्थान मिळवायचं, मग लोक बरे बोलतील, आणि मग कुठे कुणीतरी आपल्याला आपलं म्हणेल. असा माणूस दिवसरात्र राबतो. वरून सगळ्यांना वाटतं, काय कष्टाळू आहे. पण तो प्रेमाची मजुरी करत असतो. एक साल हुकलं की त्याला वाटतं, आता आपली किंमत शून्य.

आपल्या गावात हे चक्र किती ठिकाणी उलटं फिरतंय ते बघा. पीक आलं तर माणूस शहाणा, गेलं तर येडा. दहावी-बारावीला पोराला मार्क पडले तर स्टेटस ठेवायचं, नाही पडले तर पाहुण्यांसमोर बोलायचं नाही. पोरीच्या लग्नात जेवणावळ कशी झाली यावर बापाची पत. सुनेला मूल झालं तर ती घरची, नाही झालं तर परकी. भरती निघाली नाही म्हणून चार वर्षं पळणारा पोरगा घरात मान खाली घालून जेवतो. कर्ज थकलेला माणूस सोसायटीच्या समोरून जायचं टाळतो, मग पारावर यायचं टाळतो, मग घरातच बोलायचं टाळतो.

शेतकऱ्याच्या अडचणी खऱ्या आहेत. भाव नाही, पाऊस बेभरवशाचा, व्याज थांबत नाही. यातलं काही कुणा डॉक्टरच्या चक्रानं मिटणार नाही, आणि मन बळकट करा म्हणून बाजारभावाचा प्रश्न सुटत नाही. पण दोन माणसांवर सारखंच कर्ज असताना एक तग धरतो आणि एक खचतो, तेव्हा खचलेल्याला भित्रा म्हणून मोकळं होण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. त्याचे झरे चालू होते का? पीक गेलेल्या वर्षी त्याला कुणी "तू आमचाच आहेस" असं वाटू दिलं होतं का?

ऐकणं हेसुद्धा काम आहे

लेक यांच्या शाळेत सगळ्यात जास्त भर ऐकण्यावर होता. पाळकाला बोलायची सवय असते. समोरचा रडायला लागला की लगेच उपदेश सुरू. आपल्याकडेही तेच. "टेन्शन घेऊ नको." "सगळ्यांनाच त्रास आहे." "देवावर सोड." "तुझ्यापेक्षा वाईट दिवस आम्ही काढले." बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो. ऐकणाऱ्याला मात्र एकच कळतं, की यांना माझं ऐकायचं नाही.

बायबलमध्ये ईयोबाची गोष्ट आहे. सज्जन माणूस, पण गुरंढोरं गेली, पोरं गेली, अंगभर फोड आले. तीन मित्र भेटायला आले. त्याची दशा बघून सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर सगळं ठीक होतं. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि "तुझंच काहीतरी पाप असेल" असं समजावायला लागले. तिथे बिघडलं. मयताच्या घरी जाऊन कोपऱ्यात नुसतं बसणारा म्हातारा आपल्याकडेही असतो. तो जास्त काही बोलत नाही, पण तो आला होता हे घरचे वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

त्याच काळात लंडनमध्ये चॅड व्हारा नावाच्या एका पाळकानं १९५३ मध्ये जीव द्यायचा विचार करणाऱ्यांसाठी फोन सुरू केला. भेटायला येणाऱ्यांची रांग लागायची, तेव्हा साधे स्वयंसेवक त्यांना चहा द्यायचे आणि त्यांच्याशी बोलत बसायचे. पुष्कळ जण तेवढ्यानंच हलके होतात, हे व्हारा यांच्या लक्षात आलं. त्यातून सॅमॅरिटन्स ही संस्था उभी राहिली, आणि आजच्या बऱ्याच हेल्पलाइनचा पाया तिथे आहे.

लेक कुठे चुकले?

माणूस मोठा होता म्हणून त्याचं सगळंच खरं मानायचं असं नाही. १९५० च्या दशकात एलएसडी हे रसायन काही रुग्णालयांत डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरलं जात होतं. लेक यांनीही ते वापरलं. त्या अवस्थेत काही रुग्णांना आपला जन्म पुन्हा आठवतोय असं वाटायचं. त्यावरून लेक यांनी मत बनवलं, की मनाच्या जखमा जन्माच्या वेळी, अगदी आईच्या पोटात असतानाही होतात. पुढे त्यांनी ते रसायन सोडलं आणि श्वासाच्या पद्धतीनं तेच काम करायला लागले. आयुष्याची शेवटची वर्षं त्यांनी या पोटातल्या दुखण्याच्या सिद्धांताला दिली.

आजचं मुख्य प्रवाहातलं वैद्यकशास्त्र हे मानत नाही. अशा अवस्थेतलं आठवणं खरं की मनानं रचलेलं, हे ठरवता येत नाही. एलएसडीवर तर पुढे बंदी आली, आपल्याकडेही तो गुन्हा आहे. म्हणून हा भाग बाजूला ठेवायचा. लेक यांचं टिकलेलं काम म्हणजे ते चार गोष्टींचं चक्र आणि साध्या माणसाला ऐकायला शिकवणारी शाळा. १९८२ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी, ते वारले.

एक गोष्ट इथे स्पष्ट करायला हवी. लेक स्वतः दीक्षा घेतलेले पाळक नव्हते. ते मिशनरी होते, डॉक्टर होते आणि पाळकांचे शिक्षक झाले.

वेल्लोरमध्ये पुढे काय झालं?

लेक परत गेले, पण वेल्लोरचं काम थांबलं नाही. १९५७ मध्ये तिथे मनाच्या आजारांसाठी वेगळं केंद्र सुरू झालं. त्या केंद्राची एक पद्धत जगाला माहीत झाली. रुग्णाला एकट्याला ठेवून घ्यायचं नाही, घरचं माणूस बरोबर राहिलंच पाहिजे. तिकडे अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनीही त्याच दशकात घरच्यांना रुग्णालयाच्या आवारात तंबूत राहायला दिलं होतं.

याचा फायदा दुहेरी झाला. रुग्णाला सोडून दिल्यासारखं वाटत नाही. आणि घरच्यांना हा आजार आहे, नाटक नाही, हे डोळ्यांनी दिसतं. गोळी कधी द्यायची, कसं बोलायचं, पुन्हा त्रास वाढतोय हे कशावरून ओळखायचं, हे ते शिकून जातात. इंग्लंड-अमेरिकेत माणसं मोठमोठ्या भिंतींआड ठेवली जात होती, तेव्हा आपल्या देशात घरच्यांना उपचारात घेतलं गेलं. लेक ज्याला स्वीकार म्हणत होते, तो इथे खाटेशेजारी चटई टाकून बसला होता.

प्रार्थना की गोळी?

मिशनरी असलेल्या माणसानं कधी असं म्हटलं नाही की नुसत्या प्रार्थनेनं सगळं बरं होईल. तसंच श्रद्धा सोडा असंही म्हटलं नाही. दोन्ही आपापल्या जागी.

हे न समजल्याची किंमत वेल्लोरच्याच तामिळनाडूत मोजावी लागली. ६ ऑगस्ट २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातल्या एरवाडी इथे, दर्ग्याच्या आसऱ्यानं चालणाऱ्या एका खाजगी आश्रमात आग लागली. मनाच्या आजाराची माणसं तिथे साखळीनं बांधलेली होती. त्यांना पळता आलं नाही. २८ जण गेले. घरच्यांनी त्यांना बरं व्हावं म्हणूनच तिथे नेऊन ठेवलं होतं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार मनोरुग्णाला साखळीनं बांधणं आता बेकायदेशीर आहे. महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण करणं, दोरीनं बांधणं, चटके देणं हा गुन्हा ठरवला आहे. देवदर्शनाला कुणाची मनाई नाही. देवळात जा, दर्ग्यात जा, चर्चमध्ये जा, पण डॉक्टरची तारीख चुकवू नका, आणि "गोळ्या बंद करा" असं सांगणाऱ्या बाबाकडे फिरकू नका.

आपल्याकडे काय करायचं?

- दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप, भूक, काम आणि बोलणं बिघडलेलं असेल तर डॉक्टरला दाखवा. नुसता थकवा म्हणून सोडून देऊ नका.

- नसलेले आवाज ऐकू येणं, सगळे आपल्या वाईटावर आहेत असं वाटणं, रात्र रात्र जागून बडबड करणं, फिट येणं, ही बाहेरची बाधा नाही. यावर उपचार आहेत.

- जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. ठाणे, पुणे (येरवडा), नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल तर आशाताईंना किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारा.

- टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन २४ तास चालू असते. नंबर १४४१६. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. त्रास असलेल्या माणसानंच फोन करायला हवा असं नाही, घरचे किंवा मित्रही करू शकतात.

- उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. बरं वाटायला लागलं म्हणूनही मनानं बंद करू नका. बंद कधी करायच्या ते डॉक्टर सांगतील.

- कुणी जीव नकोसा झाल्याचं बोलत असेल तर टाळू नका. "जीव द्यायचा विचार येतो का?" असं सरळ, हळू आवाजात विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, आणि फवारणीची औषधं कुलपात ठेवून किल्ली दुसऱ्याकडे द्या.

- जीव द्यायचा प्रयत्न केलेल्या माणसावर गुन्हा होईल म्हणून दवाखान्यात न्यायला घाबरू नका. तो माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच २०१७ चा कायदा धरून चालतो आणि त्याला शिक्षा न करता उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो.

गावात पाळक कोण?

लेक यांनी इंग्लंडमध्ये पाळकांना हाताशी धरलं, कारण लोक आधी त्यांच्याकडे जात होते. आपल्या गावात लोक कुणाकडे जातात? आशाताई, शाळेतले गुरुजी, भजनी मंडळाचे बुवा, बचत गटाच्या अध्यक्षा, कृषी केंद्राचे दुकानदार, सलूनवाले दादा, काही ठिकाणी पाळकसाहेब, काही ठिकाणी मौलानासाहेब. यांतल्या प्रत्येकाच्या कानावर आठवड्यातून एक तरी अशी गोष्ट पडते. त्यांना डॉक्टर व्हायचं नाही. पूर्ण ऐकून घ्यायचं, मध्ये उपदेश करायचा नाही, आणि गरज दिसली की बरोबर जाऊन दवाखान्याची पायरी चढायची, एवढं जमलं तरी पुष्कळ.

आणि घरासाठी तर त्याहून सोपं काम आहे. यंदा ज्याच्या शेतात काही आलं नाही, ज्या पोराचा निकाल बरा लागला नाही, त्याला आज संध्याकाळी ताटावर बोलवा. पीक-पाणी, मार्क, हप्ता यातलं काही विचारू नका. आधी पोटभर जेवू द्या. बाकीचं उद्या बोलता येईल.